आधी मस्टर तपासा, मग लघवी

प्रश्न विचारणाऱ्यांचं सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत वडिलांच्या वेळेपासूनचं डाईंग आहे. टॉवेल आणि चादरीचं सूत रंगवतात, आज ३४ कामगार आहेत. अकरा वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या त्यांच्या एका रंगारी अण्णांना गेल्या महिन्यात मूत्राशयाच्या कॅन्सरचं निदान झालं. त्याच सुमारास परदेशी खरेदीदाराच्या ऑडिटरने कामगारांच्या आरोग्य नोंदी मागितल्या आणि एका लॅबने सगळ्यांसाठी 'कॅन्सर मार्कर पॅकेज' देऊ केलं. ते घ्यावं का, किती महिन्यांनी करावं, आणि कुणाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर त्याला कामावर ठेवायचं की नाही, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

पॅकेज आत्ता घेऊ नका. पैसे वाचवा असं मी म्हणत नाही. पुढे लागतीलच, दुसरीकडे लागतील.

मी अठ्ठावीस वर्षं कारखान्यांतल्या कामगारांच्या तपासण्या करतो आहे. बरीचशी वर्षं सोलापुरातच गेली. या काळात मालकांकडून सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला प्रश्न म्हणजे 'कोणती टेस्ट करू?' 'कोणाची करू?' असं फारसं कुणी विचारत नाही, आणि घोडं तिथेच पेंड खातं. तुमच्या मस्टरवरचे ३४ जण हे तुमच्या कारखान्यातले सगळ्यात जास्त धोक्याचे लोक नाहीतच. ते लोक आज मस्टरवर नाहीत. कुणी नीलम नगरात घरी बसलेत, कुणी विडी घरकुलात मुलाकडे राहतात, कुणी तेलंगणात गावी परतलेत. तुमच्या अण्णांसारखेच.

असं का, हे कळायला थोडं मागे जावं लागेल. १८९५ साली फ्रँकफर्टचे सर्जन लुडविग रेन यांना एका रंग कारखान्यातल्या कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी दिसल्या. हे कामगार फुक्सिन, म्हणजे आपण मॅजेंटा म्हणतो तो रंग बनवत होते. १९२१ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने बेंझिडीन आणि बीटा-नॅप्थिलअमीन या दोन, अमीन जातीच्या रसायनांवर बोट ठेवलं. १९५४ साली ब्रिटनमधल्या रंग कारखान्यांचा मोठा अभ्यास छापून आला. पहिल्यांदा रसायन हाताळल्यापासून गाठ दिसेपर्यंत सरासरी अठरा वर्षं गेली होती. कुणाला दहा वर्षं लागली, कुणाला चाळीस. धोका कळला तेव्हा माणूस बहुधा ते काम सोडून गेलेला होता. हा आजार मस्टर बघून येत नाही.

आपल्याकडे केंद्र सरकारने १९९० च्या दशकात टप्प्याटप्प्याने बेंझिडीनवर आधारलेले आणि इतर काही अ‍ॅझो (म्हणजे फुटले की अमीन सोडू शकणारे) असे मिळून ११२ रंग हाताळायला बंदी घातली. आता हिशेब करा. बंदीच्या आधी पंचविशीत रंगकामाला लागलेला माणूस आज साठीच्या आसपास आहे. म्हणजे त्याची आणि त्या आजाराची गाठ पडायची वेळ नेमकी आत्ता आली आहे.

तुमच्या ३४ जणांतले सगळेही सारखे नाहीत. मागावर बसणाऱ्या, कोन वाइंडिंग करणाऱ्या किंवा टॉवेलला शिलाई मारणाऱ्या बाईला या कारणासाठी तपासायची गरज नाही. तिचे त्रास वेगळे आहेत, कापसाची धूळ, आवाज, पाठ. त्यांच्या तपासण्या करा, पण मूत्राशयाच्या नावाखाली तिला घाबरवू नका. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाच्या पावडरने दमा होऊ शकतो, पण तो धोका फुप्फुसांचा आहे. इथे मला शोधायचाय तो नॅप्थॉलवर काम केलेला माणूस.

सोलापुरी चादरीचा तो गडद लाल आणि मरून रंग वर्षानुवर्षं बऱ्याच ठिकाणी नॅप्थॉलवर निघायचा. सूत आधी नॅप्थॉलच्या हौदातून काढायचं. मग 'बेस' आम्लात कालवून, बर्फ टाकून, नायट्राईट सोडून जे पाणी तयार होतं त्यात बुडवलं की सुतावरच रंग उमटतो. पाहायला जादू वाटते. पण यातले काही बेस म्हणजेच आपल्याला नको असलेली अमीन रसायनं. फास्ट रेड टीआर बेस आणि गार्नेट जीबीसी बेस, ही दोन नावं वाचून तुमचे जुने डाईंग मास्तर लगेच मान डोलावतील. दोन्हींची अमीनं युरोपने कापडात बंदी घातलेल्या २२ अमीनांच्या यादीत आहेत. आणि डबा उघडून उघड्या हाताने पावडर तोलणारा माणूस एकच असायचा, वर्षानुवर्षं तोच. तुमचे अण्णा बेसच्या खोलीत होते का? पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला ते सगळ्यात आधी हवं होतं.

हे मूत्राशयातच का होतं, हे रंगाऱ्याला समजावणं सगळ्यात सोपं. अमीन कातडीतून किंवा श्वासातून आत जातं, यकृत त्याच्यावर प्रक्रिया करतं, आणि ते लघवीत उतरून तासन् तास पिशवीत साचून राहतं. सूत रंगात जितका वेळ बुडालेलं, तितका रंग पक्का, हे ज्याला तीस वर्षं माहीत आहे त्याला आतल्या अस्तराचं काय होत असेल हे मी सांगावं लागत नाही. बिडी-सिगारेटच्या धुरातही बीटा-नॅप्थिलअमीन आणि त्याच जातीचं ४-अमिनोबायफिनाइल असतं. म्हणजे रंगखान्यातला बिडी ओढणारा माणूस एकाच हौदात दोन्हीकडून बुडतोय. हे ऐकून एकजण मला म्हणाला होता, 'डॉक्टर, आमच्या घरी बायको बिड्या वळते, मी ओढतो, धंदा घरातच आहे.' हसलो दोघेही. पण त्याचं नाव मी वहीत लाल शाईने लिहिलं.

ती वही म्हणजेच तपासणीची सुरुवात. माणसाचं नाव, जन्मसाल, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, कोणत्या खात्यात, कोणता रंग हाताळला, बिडी-सिगारेट किती, आज कुठे राहतो आणि घरातल्या कुणाचा फोन. मस्टरवर खातं नीट लिहिलेलं नसतं, 'हेल्पर' एवढंच असतं. म्हणून मी जुन्या मास्तरांची वही मागतो. प्रत्येक शेडची कृती त्यात असते, कोणता बेस, किती ग्रॅम, कोणत्या सालच्या ऑर्डरसाठी. रंगाची जुनी बिलं फायलीत असतील तर तीही काढा. एका डाईंगमध्ये आम्हाला सुताच्या नमुन्यांचे तुकडे चिकटवलेली सत्तावीस वर्षांपूर्वीची वही सापडली. कागद पिवळा पडला होता, मरून रंग तसाच होता. त्या वहीवरून नऊ माणसांची नावं निघाली आणि त्यातला एकही आता कामावर नव्हता.

आता तपासणी. माझा पहिला आणि मुख्य आधार साध्या पट्टीवर आहे, लघवीत बुडवून रक्त शोधणाऱ्या डिपस्टिकवर. तिची किंमत चहाच्या हिशेबात मोजता येते. रक्ताचा चौकोन पिवळा असतो, रक्त असेल तर हिरवट होतो. पेशी अखंड असतील तर पिवळ्यावर हिरवे ठिपके पडतात. बाटलीवर लिहिलेल्या वेळेलाच पाहायचं, साधारण मिनिटभराने. पाच मिनिटांनी पाहिलं तर काहीही दिसेल.

एका शिबिरात आमचा तंत्रज्ञ पोरगा घाईघाईने 'निगेटिव्ह' लिहीत चालला होता. रांगेत उभा असलेला एक शेड मास्तर वाकून पट्टी पाहत राहिला. मग बाटलीवरच्या तक्त्याशेजारी पट्टी धरून खिडकीकडे गेला आणि म्हणाला, 'साहेब, ही शेड मॅच होत नाही. थोडी हिरवी मारतीये.' खरंच ठिपके होते. आयुष्यभर लालाच्या सतरा छटा ओळखणाऱ्या माणसाचा डोळा होता तो. तेव्हापासून जिथे जातो तिथे पट्टी वाचायला खिडकीतला उजेड आणि जमला तर एक शेड मास्तर घेतो.

पट्टी चुकतेही, ते धरून चाला. सोलापुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, लघवी घट्ट होते आणि मुतखड्यांची आपल्याकडे काही कमी नाही. खडा, जंतुसंसर्ग, बाईची पाळी, भरपूर अंगमेहनत, कशानेही पट्टी हिरवी होते. उलट, क जीवनसत्त्वाच्या गोळ्या चघळणाऱ्याची पट्टी रक्त असूनही पिवळीच राहू शकते. बाटलीचं झाकण उघडं ठेवून पंख्याखाली शिबिर घेतलं तर अख्खी बाटली वाया. आणि गाठीतलं रक्त रोज येत नाही. येतं, थांबतं, महिनाभराने पुन्हा येतं. म्हणून एकदाच्या शिबिराला मी तपासणी मानत नाही, तो फोटोपुरता कार्यक्रम असतो. वहीतल्या माणसाची पट्टी दर सहा महिन्यांनी, आणि पहिल्या संपर्काला दहा वर्षं उलटून गेली असतील तर वर्षातून एकदा लघवीची सायटोलॉजी.

सायटोलॉजी म्हणजे लघवीतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. ब्रिटनमध्ये रंग कामगारांसाठी ती १९५० च्या दशकात सुरू झाली आणि अजून टिकून आहे. आक्रमक गाठ आणि अस्तरात सपाट पसरणारा कॅन्सर ती चांगला पकडते. सौम्य, मंद वाढणाऱ्या गाठी मात्र बऱ्याचदा तिच्या नजरेतून सुटतात. नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा नको, रात्रभर साचून पेशी मोडून गेलेल्या असतात. दुसऱ्या वेळचा, ताजा द्या. यात मी स्वतः एकदा तोंडघशी पडलो आहे. बावीस नमुने मे महिन्यातल्या दुपारी साध्या खोक्यात घालून बाहेरगावच्या एका लॅबला पाठवले. दुसऱ्या दिवशी पोचले, आणि जवळजवळ सगळ्यांवर एकच शेरा आला, 'पेशी नासलेल्या, मत देता येत नाही'. चूक लॅबची नव्हती, खोक्यात बर्फ न टाकणाऱ्याची होती, म्हणजे माझी. बावीस माणसांना पुन्हा बोलावलं तेव्हा चौदाच आले.

तुमच्या पॅकेजमध्ये बहुधा एनएमपी-२२ किंवा तसला एखादा मार्कर, म्हणजे लघवीत कॅन्सरची खूण शोधणारी चाचणी असेल. तो वाईट नाही, चुकीच्या जागी आहे. समजा, निरोगी शंभरांपैकी दहांचा रिपोर्ट खोटा पॉझिटिव्ह येतो. खडा किंवा जंतुसंसर्ग असेल तर त्याहून जास्त येतात. तुमच्या ३४ जणांत दरवर्षी तीन-चार निरोगी माणसं घाबरतील, त्यांच्या लघवीच्या मार्गातून दुर्बीण जाईल आणि काही निघणार नाही. पाचएक वर्षांत निम्म्या कारखान्याने हा फेरा केलेला असेल, आणि त्यानंतर कुणी तुम्हाला नमुना देणार नाही. जर्मनीत २००३ पासून सोळाशेच्या आसपास रसायन कामगारांवर सायटोलॉजी, एनएमपी-२२ आणि पेशींच्या गुणसूत्रांची तपासणी एकत्र करून पाहिली. तिथेही गाठी थोड्याच सापडल्या, आणि एकटा मार्कर पुरतो असं काही निघालं नाही.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. मूत्राशयाच्या अशा तपासणीने मृत्यू कमी होतात, याचा पक्का पुरावा अजून नाही. पक्का पुरावा कसा असतो हे आपल्या शेजारीच पाहायला मिळतं. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक लाख तीस हजारांहून अधिक बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी केली. एचपीव्हीची, म्हणजे त्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूची, एकच चाचणी झालेल्या गटात त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ साली ते जगभर गाजलं. मूत्राशयासाठी असं काही आपल्या हातात नाही. मग मी का करतो? कारण रक्त दिसल्यापासून योग्य माणसापर्यंत पोचायला आपल्याकडे जे महिने वाया जातात, ते मला वाचवता येतात. आणि अस्तरापुरती असलेली गाठ दुर्बिणीतून खरवडून काढता येते, स्नायूत शिरलेल्या गाठीसाठी अख्खी पिशवी काढायची वेळ येते. हा फरक मी माणसांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे.

त्या वाया जाणाऱ्या महिन्यांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण पैसे तिथे लागणार आहेत. पूर्व भागातला एक रंगारी, वय सत्तावन्न. एका सकाळी लघवी लाल झाली, दुखलं काहीच नाही. त्याने आधी मानलं की रंग खाल्लाय. मग घरचे म्हणाले, उन्हाळी लागली, सब्जा घे, धने-जिरे उकळून पी. तीन दिवसांत लघवी स्वच्छ झाली. दोन महिन्यांनी पुन्हा. गल्लीतल्या दवाखान्यात अँटिबायोटिक, पाच दिवसांत बरं. असं तीनदा. प्रत्येक वेळी औषधाने बरं वाटलं, कारण ते रक्त आपोआपच थांबणार होतं. आठ महिन्यांनी माझ्याकडे आला तेव्हा गाठ स्नायूत गेली होती. त्या दवाखान्यात कुणी त्याला 'काम काय करता?' हे एक वाक्य विचारलं नव्हतं.

म्हणून वहीतल्या प्रत्येकाला, आणि त्याच्या बायकोलाही, एकच गोष्ट सांगून ठेवा, शक्यतो त्यांच्या भाषेत, तेलुगूत. न दुखता लघवी एकदा जरी लाल झाली तरी घरचे उपाय नकोत. पट्टीचीही वाट पाहू नये, थेट मूत्रविकार तज्ज्ञाकडे जाऊन दुर्बिणीने पिशवी पाहून घ्यावी. डोळ्यांना न दिसणारं रक्त फक्त पट्टीवर असेल तर सूक्ष्मदर्शकाने खात्री, जंतुसंसर्ग असल्यास उपचार, आणि उपचारानंतर पट्टी पुन्हा. तरी हिरवी राहिली तर दुर्बीण. 'सोनोग्राफी नॉर्मल आहे' यावर थांबू नये. सोनोग्राफी भरल्या पिशवीत मोठी गाठ दाखवते, पण छोटी आणि सपाट गाठ तिला दिसत नाही. तज्ज्ञाची वेळ आधीच बोलून ठेवा, कामगार विमा रुग्णालयातून पाठवायचं की थेट, हे ठरवून ठेवा. ती वाट तयार नसेल तर पट्टीही वाटू नका. रक्त आहे एवढंच सांगून माणसाला घरी पाठवणं मला पटत नाही.

नोकरीचा प्रश्न. कामावर ठेवायचं, नक्कीच. बेसच्या खोलीतून काढून दुसऱ्या खात्यात पाठवा, पगार तोच. रिपोर्ट मुकादमाच्या हातात जाऊ देऊ नका, बंद पाकिटात त्या माणसालाच द्या. हा भरवसा बसला नाही तर काय होतं ते सांगतो. एका कारखान्यात तीन कपांतली लघवी रंगाने, वासाने, घनतेने इतकी सारखी निघाली की मला संशय आला. विचारल्यावर कळलं, एकाच तरुण पोराने तिघांसाठी दिली होती. त्या तिघांना वाटत होतं, रक्त निघालं तर दिवाळीच्या बोनसआधी घरी बसवतील. मी त्यांना दोष देऊ शकलो नाही.

कागदोपत्रीही एक काम आहे. 'व्यवसायजन्य कर्करोग' हा १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत होता, आणि ती यादी आता २०२० च्या कामगार संहितेत आलेली आहे, म्हणजे हा सरकारला कळवायचा आजार आहे. अण्णांच्या डॉक्टरांना त्यांच्या कामाचा इतिहास लेखी द्या. तुम्ही दिला नाहीत तर तो कागद तयारच होणार नाही. यात तुमची बदनामी होईल अशी भीती वाटत असेल, तर ऑडिटरसमोर ठेवायला यापेक्षा प्रामाणिक कागद तुमच्याकडे दुसरा नसेल.

आजच्या कामाबद्दल एकच सांगतो, बाकीचं सुरक्षा अधिकारी सांगतील. हाताला लागलेला रंग काढायला तुमची पोरं हायड्रो, म्हणजे रंग उतरवायची पावडर, चोळतात का पाहा. मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. कापडात बंदी असलेलं अमीन आहे का हे शोधताना प्रयोगशाळा तेच करते, हायड्रो घालून अ‍ॅझो रंग फोडते आणि सुटं झालेलं अमीन मोजते. म्हणजे प्रयोगशाळेतली क्रिया आपण ओल्या तळहातावर करतोय. ती सवय आजच बंद करा, हातमोजे द्या, साबण द्या, आणि मुबलक पाणी द्या. आपल्या शहरात नळाला पाणी किती दिवसांआड येतं हे मला माहीत आहे, तरी पिण्याचा जार खात्यातच हवा, ऑफिसच्या दाराशी नको.

ऑडिटरला महिनाभराची मुदत मागा, मिळते. आणि या रविवारी अण्णांना भेटायला जा, तसंही जायचंच असेल. त्यांच्याबरोबर बेसच्या खोलीत कोण कोण होतं ते त्यांना विचारा. असे आजारी लोक ही नावं अगदी नीट सांगतात, कोण कोणत्या साली लागला, कुणाची बोटं कायम लाल असायची, कोण गावी गेला. जाताना फळांच्या पिशवीबरोबर एक कोरी वही न्या.